धाब्याला पाय लागले पाहिजेत

दार जेमतेम साडेचार फुटांचं होतं. बाबा न बघताच वाकले आणि आत गेले. गेली चाळीस वर्षं ते पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात, तिथे कुठल्याच दारात वाकावं लागत नाही. पण दर्यापूरकडच्या एका खेड्यात, धाब्याच्या घरात गेलेलं लहानपण त्यांच्या पाठीच्या लक्षात होतं. आत शिरल्यावर त्यांनी मान वर करून छताच्या मयाली, म्हणजे तुळया, मोजल्या आणि म्हणाले, "पाच खणांचं आहे. चांगलं घर आहे."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पातूरला पोहोचलो होतो. अकोल्याहून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. गावाबाहेर एका शेतकरी कुटुंबानं वावरातलं आपलं जुनं मातीचं घर पाडलं नाही. डागडुजी केली, दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या आणि आपण शेजारच्या नव्या घरात राहायला गेलं. ओळखीतून ओळख निघत अकोल्या-वाशीमची माणसं इथे शनिवार-रविवार काढायला येतात.

घर पहिल्या नजरेत वेगळं वाटतं. आमच्या खोलीत पलंगाच्या जागी दमणी होती. पूर्वी पाहुण्यांना आणायला, लेकीबाळींना पोचवायला जुंपायची ती हलकी बैलगाडी. तिची चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि सांगाड्यावर गादी घातली होती. आंघोळीची जागा होती विहिरीच्या थारोळ्याशेजारी, जिथे एकेकाळी मोटेचं पाणी पडायचं. आणि तिसरी खोली म्हणून मालकांनी जी दाखवली, ती होती हरभऱ्याच्या वावरात चार खांबांवर उभी असलेली मचान. दोन दिवसांत यातल्या प्रत्येक गोष्टीमागचं कारण कळत गेलं, आणि त्या कारणांनीच मला लिहायला बसवलं.

घाट चढण्याआधीचं गाव

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग सांगितले जात. पायनघाट म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली सखल, काळ्या मातीची जमीन. बालाघाट म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणारं वाशीमकडचं पठार. पातूर या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं आहे. आज १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग अकोल्याहून निघून वाशीम, हिंगोली, नांदेडवरून तेलंगणातल्या संगारेड्डीला जातो, आणि गाडीत बसलेल्याला पातूरचा घाट कधी आला नि कधी गेला ते कळतही नाही. बैलांना मात्र कळायचं. दिवसभर चाललेली भरलेली बंडी संध्याकाळी घाटाला लावता येत नाही. बैल सोडायचे, वैरण-पाणी करायचं, रात्र काढायची आणि उजाडताना चढाला लागायचं. घाटाच्या पायथ्याचं गाव हे असं आपोआप मुक्कामाचं गाव होतं.

पातूरच्या मुक्कामाची सर्वात जुनी खूण डोंगराच्या कुशीत आहे. काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेली इथली लेणी साधी आहेत, अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत. पण ज्या वाटेवर ती आहेत, ती वाट मोठी होती. घाटावरचं वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेतलं. बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे महिने फिरती थांबवून एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात, आणि सह्याद्रीपासून अजिंठ्यापर्यंतचे विहार अशाच राहण्यासाठी कोरले गेले. शनिवारी सकाळी लेण्याच्या सावलीत बसलो, तेव्हा बाबांनी दगडाला हात लावला आणि नुसतं म्हणाले, "गार आहे." खडकाच्या पोटात ऊन लवकर पोचत नाही. पुढे मातीच्या घरात जे समजून घ्यायचं होतं, त्याची सुरुवात इथेच झाली.

जुन्या कागदपत्रांत गावाचं नाव 'पातूर शेख बाबू' असं येतं, ते इथल्या शेख बाबूंच्या दर्ग्यावरून. टेकडीवर रेणुकामातेचं देऊळ आहे, गावात सिदाजी महाराजांचं संस्थान आहे. दर्ग्याला येणारा, देवीला येणारा, घाट चढणारा आणि घाट उतरून कापूस घेऊन येणारा, सगळे इथे थांबत आले. मुक्काम हा या गावाचा जुना धंदाच म्हणायला हवा.

काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं

वऱ्हाडात मातीचे दोन रंग माणसाच्या दोन गरजा सांगतात. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे गावठाण. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला हीच माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. पण जी माती वर्षातून दोनदा हलते, तिची भिंत टिकत नाही. पांढरी माती पिढ्यान् पिढ्या वस्ती झालेल्या जागेची, त्यामुळे तिच्यात राख मिसळलेली, चुनखडीचा अंश असलेली. ती तेवढी फुगत नाही, चिरत नाही. म्हणून भिंत पांढरीची आणि धाबंही पांढरीचं.

धाबं म्हणजे सपाट मातीचं छत. मालकांनी पडवीतला एक उघडा कोपरा दाखवून त्याचे थर समजावले. खाली सागाच्या मयाली, त्यांच्यावर आडव्या काड्या, त्यांच्यावर लाकडाच्या किलच्या अगदी जवळ जवळ बसवलेल्या. मग कडुनिंबाचा पाला, कीड लागू नये म्हणून. त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर कोरडी पांढरी माती, ठोकून ठोकून घट्ट केलेली. छताला एका बाजूला बोटभर उतार आणि त्या टोकाला पन्हाळ. बस्स. याच्यात विकत आणावी अशी वस्तू जवळजवळ नाही.

कोकणातल्या माणसाला मातीचं सपाट छत म्हणजे वेडेपणा वाटेल, आणि त्याचं बरोबर आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे उतरती कौलंच हवीत. अकोला जिल्ह्यात तो साधारण ७५० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एवढा पाऊस नीट ठोकलेली माती अंगावर झेलते. घराच्या आकारात असा पाऊस लिहिलेला असतो.

आणि ऊन तर असतंच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जाणं ही बातमी राहिलेली नाही. भर दुपारी सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा गरम हवा फिरवतो. मातीच्या घराचं गणित वेगळं आहे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत दिवसभर ऊन पीत राहते, पण ती उष्णता आतल्या बाजूला पोचायला रात्र होते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते आणि घरातली माणसं खाटा अंगणात टाकून, नाही तर धाब्यावर अंथरूण घालून झोपलेली असतात. दुपारी घरात, रात्री घराबाहेर. धाब्यावर जायची लाकडी शिडी म्हणूनच घराचा भाग असते, जिन्याइतकी महत्त्वाची. खिडक्या लहान आणि उंचावर, कारण दुपारच्या झळा आत यायला नकोत. दार बुटकं, कारण दारावरची भिंत जितकी जास्त, तितकी सावली जास्त. बाबांना वाकायची सवय उन्हानं लावली होती.

आम्ही गेलो तेव्हा थंडी होती, म्हणून उलटा अनुभव आला. बाहेर रात्री दात वाजत होते आणि आत दिवसभर तापलेली भिंत हाताला कोमट लागत होती. दमणीतल्या गादीवर बाबा ब्लँकेट पायाशी सारून झोपले.

विदर्भात अशा घराची सगळ्यांना ठाऊक असलेली साक्ष वर्ध्याजवळ सेवाग्रामला आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. मातीच्या भिंतींची बापूकुटी मुळात मीराबेन यांची झोपडी होती. देशातले मोठमोठे पुढारी त्या मातीच्या जमिनीवर बसून बोलले. मातीच्या घराला कमीपणा नाही, हे वऱ्हाड-वर्ध्याच्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी गेल्या दोन पिढ्यांत आपण ही घरं पाडली, कारण पक्कं घर म्हणजे सिमेंटचं घर असं मनात बसलं. शिवाय धाब्याला दरवर्षी कष्ट लागतात. त्या कष्टांकडे पुढे येते.

रोडगे आणि गोड पाणी

पहिल्या संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांचा आर पेटला होता. मालकांच्या आईंनी जाडसर कणकेचे उंडे घेतले. एकात एक थर बसवून, मध्ये तेलाचा हात लावून त्यांचे गोळे वळले आणि निखाऱ्यांत पुरले. मधूनमधून लोखंडी सळईनं त्या ते फिरवत होत्या. रोडगा भाजला की त्याला तडा जातो, हीच त्याची खूण. मग राख झटकून, फडक्यानं पुसून, तो हातानं फोडायचा. आतून वाफ येते आणि थर सुटतात. त्यावर तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी आणि घट्ट वरण. वऱ्हाडात रोडग्यांच्या पंगती वावरात, देवळापाशी, नदीकाठी उठतात, कारण या स्वयंपाकाला तवा-परात लागत नाही. ज्या गावात वाटसरू चूल मांडत आले, तिथे हे जेवण टिकलं यात नवल नाही.

जेवताना बाबांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं. "पाणी गोड आहे हो," ते म्हणाले. आजींना त्यात बोलण्यासारखं काय ते कळेना. बाबांचं दर्यापूरकडचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट लागतं, पिण्यालाही नाही आणि ओलितालाही नाही. माणसं पावसावर शेती करतात आणि पिण्याचं पाणी लांबून आणतात. डोंगराच्या पायथ्याला, पातूरकडे, विहिरी गोड आहेत. म्हणूनच इथे मोट चालली, थारोळं बांधलं गेलं. आंघोळीला त्या दगडी थारोळ्याशेजारी उभी राहिले, तेव्हा मोटेच्या धारेनं मध्यभागी घासून गुळगुळीत झालेला दगड तळव्याखाली लागला. एका घराची कित्येक वर्षांची मेहनत त्या खळग्याएवढी खोल होती.

मचानीवरची रात्र

शनिवारची रात्र मी मचानीवर काढली. हरभरा घाट्यावर होता. दिवसा आम्ही त्याच वावरात डहाळे उपटून काडी-कचऱ्याच्या जाळावर हुळा भाजला होता, ओठ काळे होईतो खाल्ला होता. रात्री त्याच हरभऱ्यासाठी दुसरे पाहुणे येतात. रोही, म्हणजे नीलगाय, कळपानं येते आणि चरता चरता अर्धा एकर तुडवून जाते. रानडुकरं जमीन उकरतात. पातूरच्या भोवती सागाचं, पळसाचं जंगल आहे. बार्शीटाकळीच्या बाजूला काटेपूर्णा अभयारण्य आहे, ७३ चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं, चौशिंग्यासाठी ओळखलं जाणारं. त्याला लागून असलेल्या महानच्या धरणातून अकोला शहर पाणी पितं. जंगल जवळ असणं ही श्रीमंती आहे, आणि तिची किंमत कडेच्या शेतकऱ्यानं रात्री जागून भरायची असते.

या जागण्याला जागल म्हणतात. माझ्याबरोबर मालकांचे धाकटे भाऊ होते. त्यांच्याकडे एक जुना तेलाचा डबा, एक दांडकं आणि टॉर्च. दर अर्ध्या-पाऊण तासानं ते डबा वाजवत आणि तोंडानं लांब हाळी देत. पलीकडच्या वावरातून दुसरी हाळी येई, तिच्याही पलीकडून तिसरी. अंधारात एकमेकांना न दिसणारी माणसं, आपण जागे आहोत एवढंच एकमेकांना कळवत होती. मध्यरात्रीनंतर धुऱ्यापाशी पावलं वाजली. टॉर्चच्या झोतात हिरवे डोळे चमकले, एक थबकलेली मान दिसली आणि कळप तुरीच्या धसकटांतून धडधडत नाल्याकडे गेला.

मला ती रात्र जन्मभर पुरेल. पण पहाटे मचानीवरून उतरताना ते भाऊ म्हणाले की पेरणीपासून सोंगणीपर्यंत घरातलं कुणी ना कुणी असंच जागतं, आणि दिवसा पुन्हा कामावर जातं. पाहुण्यानं मचानीवर जरूर झोपावं. मात्र ज्याच्या जागलीवर आपण झोपतो, त्याच्या झोपेचा हिशेब मनात ठेवून झोपावं.

राहणाऱ्यामुळे राहणारं घर

जुन्या, वेगळ्या इमारती पाहुण्यांना भाड्यानं देऊन त्या वाचवायची कल्पना जगात नवी नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली स्थापन झालेली लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पडायला आलेल्या वास्तू घेते, दुरुस्त करते आणि चार दिवस राहायला देते. स्कॉटलंडमध्ये डनमोर इथे १७६१ च्या सुमाराची एक बागेतली इमारत आहे, तिच्या माथ्यावर भलंमोठं दगडी अननस आहे. आज कुणीही कुटुंब तिथे सुट्टी काढू शकतं. भाड्याच्या पैशातून वास्तूची देखभाल होते. इटलीनं १९८५ मध्ये शेतावरच्या पर्यटनाचा कायदा केला. त्याचा गाभा असा, की पाहुणचार करणाऱ्या घरात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणे जोडधंदा.

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची वाट बारामतीकडून सुरू झाली. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास शेतकऱ्यांना यात आणण्याचं काम हाती घेतलं. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं, त्यानुसार शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. पुण्या-मुंबईच्या आसपास अशी केंद्रं खूप झाली. वऱ्हाडात मात्र सुट्टी म्हटली की अजून चिखलदराच आठवतं. तिथली थंड हवा १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत आली आणि बंगले उभे राहिले. त्यात वावगं काही नाही. पण सपाटीवरचं, कापसा-तुरीतलं वऱ्हाड हेही राहून पाहण्याजोगं आहे, हे आपण कुणाला सांगितलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सांगायचं असेल तर ते आपल्या घरांतून सांगावं. कित्येक नव्या शेतघरांत टाइल लावलेल्या खोल्या, वर पत्रा आणि दारात प्लास्टिकची बैलजोडी दिसते. अशा खोलीत झोपून माणूस वऱ्हाडात राहिला असं होत नाही. उलट गावोगावच्या गढ्या ढासळत आहेत, त्यांची पांढरी माती खणून वावरात जाते आहे. धाब्याची घरं पडत आहेत. त्यांतलं एखादं तरी प्रत्येक तालुक्यात वाचावं, त्याच्या दुरुस्तीचा खर्च पाहुण्यांच्या येण्यानं निघावा, किलच्या बसवणाऱ्या आणि भिंत घालणाऱ्या हातांना काम मिळावं. कापसाचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो, पाहुणचाराचा असतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. अकोला हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं स्टेशन, तिथून पातूरला एसटी मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. हरभऱ्याचा हुळा जानेवारीत, पळस त्यानंतर फुलतो. लेण्यांना सकाळी जावं. घरात पाहुणे म्हणून गेल्यावर जेवण घरचंच मागावं, आणि वावरात पाऊल टाकण्याआधी विचारावं.

मिरगाच्या आधी

रविवारी सकाळी निघताना मालक म्हणाले, "काकाजी, एक चक्कर धाब्यावर मारून या." मला वाटलं, वरून दिसणारा घाट दाखवायचा असेल. तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "धाब्यावर मानूस फिरला पाह्यजे, ताई. पाय नाही लागले तं थे गयते."

याचं कारण साधं आहे. मातीचं छत उन्हानं सुकतं, बारीक चिरा पडतात, त्यांत गवताचं बी रुजतं आणि मुळं वाट करतात. पावसाचं पाणी त्या वाटेनं उतरतं. वर माणसांचा वावर असला, धान्य वाळत घातलं, पोरं खेळली, रात्री अंथरुणं पडली की माती दबत राहते, चिरा बुजतात, गवत धरत नाही. शिवाय दरवर्षी मृगाच्या आधी नव्या मातीचा हात द्यावा लागतो. टोपल्यांनी माती वर चढवायची, पसरायची, पाणी शिंपडून धुमसानं ठोकायची. हेच ते कष्ट, ज्यांना कंटाळून लोकांनी स्लॅब टाकले. रिकामं राहिलेलं धाब्याचं घर दोन-तीन पावसाळ्यांत खाली बसतं. राहतं घर पिढ्यान् पिढ्या उभं राहतं.

बाबांनी शिडीला हात घातला. मी धरायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. वर गेल्यावर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, सावकाश, टाच दाबून. परत फिरले. पन्हाळापाशी थोडं गवत उगवलं होतं, ते बसून मुळासकट उपटलं आणि तिथली माती हातानं थापटून सारखी केली. समोर घाटावर ऊन चढत होतं. खाली अंगणात आजी डोळ्यांवर हात धरून वर पाहत होत्या.

"मिरगाच्या आंधी या, काकाजी," त्यांनी हाक दिली. "माती टाकाची हाये."

दोन दिवस बाबा त्या घरात पुण्याची मराठी बोलत होते. धाब्याच्या काठाशी येऊन, हाताची माती झटकत ते म्हणाले, "येतो ना मायबाई. टोपले भरून ठेवजा."